वाडा थीमचं टाइमशेअर रिसॉर्ट: वास्तू कशी पारखायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुळशीच्या जलाशयाकाठी ‘पेशवाई वाडा’ थीमचं टाइमशेअर रिसॉर्ट होतंय, म्हणजे सभासदांना ठरावीक मुदतीसाठी राहण्याचा हक्क विकणारं. पुण्यातलं एक कुटुंब त्याचं २५ वर्षांचं सभासदत्व घ्यायच्या विचारात आहे. शहरातल्या विक्री कार्यालयातली नमुना खोली सगळ्यांना आवडली. पण शैली खरी आहे की वरवरची, बांधकाम इतकी वर्षं टिकेल का आणि बांधकामातलं फारसं न कळणाऱ्या माणसाने हे कसं ओळखायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

नमुना खोली आधी डोक्यातून काढून टाका. ती वातानुकूलित कार्यालयात उभी आहे, तिच्यावर पाऊस पडलेला नाही, तिच्या शेजारच्या खोलीत कुणाची मुलं उड्या मारत नाहीत आणि तिच्या बाथरूमच्या नळाला पाणीही नसतं. तिच्यावरून कळतो तो फक्त सजावटकाराचा हात.

टाइमशेअरची इमारत आणि हॉटेल यांच्या गरजा वेगळ्या असतात. हॉटेलात पाहुणा दोन रात्री राहतो, फोटो काढतो आणि पुढच्या सुट्टीत दुसरीकडे जातो. टाइमशेअरमध्ये तेच कुटुंब आठवडाभर राहतं, थोडाफार स्वयंपाक करतं, कपडे धुतं आणि काही वर्षांनी पुन्हा येतं. शिवाय डागडुजीचा पैसा सभासदांच्या वार्षिक शुल्कातूनच जातो. म्हणून इथे शैलीकडे बघताना एकच प्रश्न विचारावा: हा भाग काही काम करतो की नुसता चिकटवलाय? काम करणारा भाग टिकतो, कारण त्याची निगा राखणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं. चिकटवलेला भाग चार-पाच पावसाळ्यांत सुटायला लागतो, आणि तो पुन्हा चिकटवायचा खर्च तुमच्याकडूनच वसूल होतो.

पुण्याचा वाडा, मावळचा पाऊस

मुळात ‘पेशवाई वाडा’ आणि मुळशी ही जोडीच अवघड आहे. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिमी पाऊस पडतो. लोणावळ्याला ४,००० मिमीच्या वर, महाबळेश्वरला ५,५०० च्या वर, आणि मुळशीहून ताम्हिणीकडे सरकाल तसा आकडा झपाट्याने चढत जातो. पेठांमधला वाडा शहरातल्या पावसाला बेतून झालेला आहे: रस्त्याला लागून उभी सरळ भिंत, मधे उघडा चौक, चौकात उतरणारी पाखी (छपराचे उतार), बाहेरच्या बाजूला बेताची वळचण. मावळातलं घर बघा. छप्पर तीव्र उताराचं, वळचण इतकी खाली की आत शिरताना वाकावं लागतं, चारी बाजूंनी पडवी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या किंवा कुडाच्या झडपा. ही गरिबी नव्हती, हिशेब होता.

म्हणून मुळशीला वाडा बांधायचाच असेल तर त्याला मावळी छप्पर घालावं लागतं. चांगला वास्तुकार तेच करतो: आतून चौक आणि माजघर वाड्याचं, बाहेरून पडवी आणि वळचण मावळातली. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची नक्कल करून सपाट, उंच भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी केली असेल, तर त्या भिंतीमागच्या खोल्या ऑगस्टमध्ये ओल धरणार, मग रंग कुठल्याही कंपनीचा असो.

हाच निकष इतर थीमना लावून बघा. राजस्थानी हवेलीची सपाट गच्ची आणि वालुकाश्माचे झरोके जयपूरच्या कोरड्या हवेसाठी आहेत. सह्याद्रीत तो सच्छिद्र दगड पाणी पितो आणि दोन-तीन पावसाळ्यांत शेवाळाने काळवंडतो. लवासातल्या दासवेसाठी इटलीतल्या पोर्तोफिनोचा नमुना डोळ्यांसमोर होता. भूमध्य समुद्राकाठच्या त्या रंगीत, उघड्या दर्शनी भिंती मोसे नदीच्या खोऱ्यात वारंवार रंगवत राहणं भाग पडतं. गंमत म्हणजे बाली किंवा केरळची थीम, जिला आपण परकी म्हणून नाकं मुरडतो, ती इथे जास्त शोभते. तिथेही पाऊस धो-धो आहे आणि तीव्र उताराचं मोठं छप्पर हाच त्या शैलीचा प्राण आहे.

छप्पर: सगळ्यात आधी इथे बघा

मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली काढला. म्हणजे पेशवाई संपल्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने. पेशवाई थीमवर मंगलोरी कौल हा काळाचा घोळ आहे, पण मी त्याला दोष देणार नाही. नळीची देशी कौलं दरवर्षी चाळावी लागतात आणि आता ती चाळणारी माणसं मिळत नाहीत. प्रश्न आहे तो कौलं कशावर बसवली आहेत याचा.

आजकालची सर्रास पद्धत म्हणजे काँक्रीटचा उतरता स्लॅब टाकायचा आणि त्यावर सिमेंटच्या मसाल्यात कौलं चिकटवायची. लांबून छान दिसतं. पण कौल पाणी शोषतं, खालचा मसाला ते धरून ठेवतो, आणि उन्हाळ्यात कौल व स्लॅब वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावल्याने सांधे सुटतात. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात छताच्या आतल्या बाजूला पिवळे डाग आणि लोणा दिसू लागतो. मग गळती नेमकी कुठून आहे ते सापडत नाही, कारण पाणी मसाल्याखालून फिरून भलतीकडेच बाहेर पडतं. दुरुस्ती म्हणजे सगळं उखडणं.

योग्य पद्धत अशी: स्लॅबवर जलरोधक थर, त्यावर उताराच्या दिशेने दर ६०० मिमीला उभ्या पट्ट्या, त्यांच्यावर कौलाच्या मापाने, म्हणजे सुमारे ३१०–३२० मिमी अंतरावर, आडव्या रिपा, आणि रिपांवर कौलं नुसती अडकवलेली. वाऱ्याच्या बाजूच्या कडांना आणि आढ्याजवळ ती तारेने किंवा स्क्रूने बांधलेली. वळचणीला हवा आत शिरायला फट आणि आढ्याला बाहेर पडायला वाट. उभ्या पट्ट्या आधी, हे महत्त्वाचं. घाईत कंत्राटदार थेट स्लॅबवर आडव्या रिपा ठोकतो. मग कौलाखाली उतरलेलं पाणी अडवणारी प्रत्येक रिप म्हणजे एक छोटं धरण होते.

उतार किमान ३० अंश हवा, म्हणजे आडव्या फुटाला सात इंच चढ. ३५ अंश असेल तर उत्तम. कौलं १०० चौरस फुटाला साधारण दीडशे लागतात; त्यातली तीन ते पाच टक्के जादा कौलं आवारात रचून ठेवलेली आहेत का ते विचारा. माकडं आणि नारळाची झावळी कौलं फोडतातच, आणि पाच वर्षांनी त्याच छटेचं कौल मिळत नाही.

वळचणीबद्दल एक साधं गणित. पश्चिमेची झड ४५ अंशांत येते असं धरलं, तर ९०० मिमी पुढे आलेली वळचण भिंतीचा फक्त वरचा ९०० मिमी भाग कोरडा ठेवते. खिडकीचा खालचा भाग आणि जोतं भिजतंच. म्हणून पश्चिम आणि नैऋत्येला १.८ ते २.४ मीटरची पडवी किंवा गॅलरी लागते. तिथे नुसत्या वळचणीने भागत नाही. छज्जा आणि सज्जा यांच्या खालच्या अंगाला, कडेपासून दोन बोटं आत, पाणी ठिबकून पडायला खाच काढलेली असते. ती नसली की पाणी छज्ज्याच्या पोटावरून सरळ भिंतीकडे चालत येतं. मान वर करून बघायला दोन सेकंद लागतात, आणि त्या खाचेवरून कंत्राटदाराचा सगळा दर्जा कळतो.

चौकाचं पाणी

सहा मीटर गुणिले सहा मीटरचा चौक धरा. त्यात चारी पाख्यांचं पाणी उतरतं. पाख्यांसह एकूण क्षेत्र सहज १२० चौरस मीटर होतं. तासाला १०० मिमीच्या सरीत त्यात १२,००० लिटर पाणी पडतं, म्हणजे सेकंदाला सव्वातीन लिटर. कागदावर १०० मिमी व्यासाचा एक पाइप पुरतो. प्रत्यक्षात पहिल्याच सरीत त्याच्या जाळीवर पानं बसतात आणि चौकाचा हौद होतो. १५० मिमीचे दोन निचरे, एकमेकांपासून लांब, आणि एक तुंबला तर दुसऱ्याने सगळं पाणी नेलं पाहिजे. चौकाची फरशी सभोवतालच्या ओसरीपेक्षा किमान १५० मिमी खाली हवी. ‘एका पातळीत छान दिसतं’ म्हणून ही पायरी काढून टाकलेली दिसली, तर ओसरीवरच्या लाकडी फर्निचरचे पाय काय म्हणतात ते वाकून बघा.

काही ठिकाणी चौकावर पॉलिकार्बोनेटचं छप्पर घालतात. मग तो चौक राहत नाही, उकडणारा हॉल होतो. घालायचंच तर चौकाच्या कडेपेक्षा मीटरभर उंच आणि चारी बाजूंनी उघडं, म्हणजे गरम हवा निघून जाते.

वाड्याच्या आराखड्यातली खरी अडचण मात्र पाण्याची नाही, नजरेची आहे. वाडा आत बघतो: खिडक्या, सज्जे, बायकामाणसांची ऊठबस, सगळं चौकाकडे. आणि तुम्ही पैसे मोजताय जलाशयाच्या दृश्याचे, जे बाहेर आहे. बहुतेक रिसॉर्टांत यावर उपाय म्हणून सगळ्या खोल्या बाहेर तोंड करून लावतात आणि चौक नुसता जाण्यायेण्याचा मार्ग होतो. एक तुळशीवृंदावन, दोन पितळी समया आणि कुणीही न बसणारा झोपाळा. आराखडा हातात आला की चौकात कोणकोणती दारं उघडतात ते मोजा. जेवणघर, वाचनाची जागा, मुलांच्या खेळाची ओसरी यांपैकी किमान एक-दोन गोष्टी चौकाला लागून असतील तर तो चौक जिवंत राहील. फक्त खोल्यांची मागची दारं उघडत असतील, तर ती सजावट आहे.

खांबाचा पाय

पेठेतल्या कुठल्याही उभ्या वाड्यात, किंवा १८०७ सालच्या विश्रामबागवाड्यात, खांबाच्या पायाशी बसून बघा. सागवानी खांब जमिनीत गाडलेला नसतो. तो घडीव दगडाच्या तळखड्यावर उभा असतो. सारवणाचं, धुण्याचं पाणी तळखड्यावरून ओघळतं, लाकडाला लागत नाही. वर खांबाच्या डोक्यावर आडवा हात, त्यावर तुळई, तुळईवर सरे, त्यावर कडीपाट, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत. प्रत्येक तुकडा वरचं वजन खाली देतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. लाकडाच्या ताकदीने तो ठरायचा, म्हणून साधारण पाच-सहा फुटांवर पुढचा खांब येतो.

रिसॉर्टात काँक्रीटचा सांगाडा चार मीटरच्या अंतराने उभा असतो आणि त्याला सुरूच्या झाडाच्या आकाराची फायबरची खोळ चढवलेली असते. डोळ्याला काहीतरी खुपतं, पण काय ते सांगता येत नाही. खुपतं ते हे: इतक्या बारीक खांबांवर इतकी लांब तुळई लाकडात कधी तगलीच नसती. उपाय अवघड नाही. पडवीत, मुख्य सांगाड्यापासून वेगळे, पावणेदोन-दोन मीटरवर खरे लाकडी खांब घ्यायचे, त्यांच्यावर फक्त पडवीचं छप्पर ठेवायचं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात उतरवलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळतं. ते वाळून निबर झालेलं असल्याने पिळवटत नाही. फक्त कापण्याआधी आतले खिळे शोधून काढावे लागतात, नाहीतर करवतीचं पातं जातं, आणि तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकांना वाळवी आहे का ते टोच्याने बघावं लागतं.

फायबरच्या खोळीची पारख अशी: बोटाच्या गाठीने वाजवा, पोकळ आवाज येईल. तेवढ्याने ती वाईट ठरत नाही. मग खाली बघा. खोळ थेट फरशीवर टेकवून सिलिकॉन फिरवलं असेल, तर रोज पुसण्याचं पाणी आत जातं, आतला गिलावा ओला राहतो, आणि वर्ष-दोन वर्षांत खोळीच्या तळाशी काळी रेघ उमटते. खाली दगडाचा तळखडा असेल आणि खोळ त्याच्या वर संपत असेल, तर ज्याने हे आखलं त्याला वाडा कळला आहे. उन्हात फायबरचा वरचा थर पांढुरका पडतो; हाताला भुकटी लागते. थर्माकोलवर लेप दिलेल्या महिरपी आणि नक्ष्या सगळ्यात हलक्या: खारी आणि कावळे त्या कोरतात, आणि आगीत दोन्ही पदार्थ धोक्याचे. लॉबीत आणि जिन्याच्या वाटेत फायबर किंवा थर्माकोल वापरला असेल तर तो आगरोधक प्रतीचा आहे याचं प्रमाणपत्र मागा. काचतंतू मिसळलेल्या सिमेंटच्या नक्ष्या, ज्यांना बाजारात जीआरसी म्हणतात, त्या मानाने बऱ्या. त्यांच्या तुकड्यांमध्ये सहा ते दहा मिमीचा भरलेला सांधा हवा. सांधाच नाही आणि सगळं एकसंध रंगवलंय असं दिसलं, तर केसासारख्या भेगा त्या जोडांपासूनच सुरू होणार.

दगडाचं तसंच. शनिवारवाड्याची तटबंदी खाली दगडाची आणि वर विटांची आहे. १८२८ च्या आगीत लाकूडकाम गेलं आणि दगडी जोती राहिली, त्यामुळे कुठला पदार्थ कुठवर वापरायचे ते तिथे आजही उघडं दिसतं. रिसॉर्टात काळ्या पाषाणाच्या इंचभर जाडीच्या फरश्या थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत चिकटवलेल्या असतात. माणसाच्या उंचीच्या वर चिकटवलेला दगड पावसात सुटून डोक्यावर येऊ शकतो. तिथे स्टेनलेस स्टीलच्या पकडी लागतात. कोपरा बघा. दोन पातळ फरश्यांची कड दिसली तर तो चिकटवलेला दगड, कोपऱ्याला एकच ‘एल’ आकाराचा किंवा अख्खा घडीव दगड असेल तर काम मनापासून झालंय.

‘मातीचा लेप’ म्हणून खरबरीत टेक्स्चर पेंट बाहेरच्या भिंतींना मारतात, तो घाटमाथ्यावर टाळावाच. खरबरीतपणात धूळ आणि ओल अडकते आणि दोन पावसाळ्यांत भिंत काळी होते. गुळगुळीत चुन्याचा गिलावा किंवा साधा घोटलेला सिमेंट गिलावा धुता तरी येतो.

खोलीच्या आत: टाइमशेअरची खरी कसोटी

दोन बेडरूमचं घर मधलं दार लावून दोन स्वतंत्र भागांत, स्टुडिओ आणि एक बेडरूम असं, विकता किंवा वापरता येतं. टाइमशेअर धंद्याचा हा कणाच आहे, आणि आवाजाचा सगळा गोंधळही त्याच दारातून होतो. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत साधारण ५० डेसिबल आवाज अडवते. तिच्यात पोकळ फ्लश डोअर बसवलं की सगळं मुसळ केरात, कारण ते दार वीसच्या आसपासच अडवतं. इथे पाठीला पाठ लावून दोन दारं हवीत, दोन्ही भरीव, ४० मिमीच्या वर जाड, चौकटीला रबरी पट्टी आणि खाली दार लागताच उतरणारी पट्टी. तपासणी सोपी: एका भागात फोनवर मोठ्याने गाणं लावा, दारं बंद करा, पलीकडे पलंगावर आडवे व्हा. शब्द कळले तर त्या खोलीत शेजारच्यांचं भांडणही कळणार. विजेचे बोर्ड भिंतीच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून बसवलेत का, आणि कडीपाटाची नक्कल म्हणून लावलेल्या खोट्या छताच्या वर भिंत स्लॅबपर्यंत गेली आहे का, हेही विचारा. बऱ्याचदा भिंत खोट्या छतापाशीच थांबलेली असते.

स्वयंपाकाचा ओटा नक्षीदार दारांच्या कपाटात लपवलेला असेल तर थीम सांभाळली जाते आणि फोडणीचा धूर पडद्यांत बसतो. ओट्यावरचा पंखा १५० मिमीच्या नळीने बाहेर सोडलेला हवा. नळी नसलेली, आतल्या आत हवा फिरवणारी चिमणी आपल्या स्वयंपाकाला पुरत नाही.

ओले कपडे हा तर कुणी बोलतच नाही असा विषय. पुणेकर मुळशी-लोणावळ्याला जातो तो मुख्यतः पावसात. चार माणसं रोज भिजून येणार, चिखलाचे बूट, छत्र्या, टॉवेल. हवेतली आर्द्रता नव्वदीच्या वर, कपडे दोन दिवस वाळत नाहीत. दर्शनी भागाला शोभा जाते म्हणून गॅलरीत दोरी बांधायला मनाई असते, मग कपडे पलंगाच्या नक्षीदार कठड्यावर आणि खुर्च्यांच्या पाठीवर वाळत पडतात. फर्निचरचं पॉलिश जातं ते तिथेच. चांगल्या आराखड्यात खोलीच्या दाराशीच फरशी घातलेली, उंबऱ्याने वेगळी केलेली, निचरा असलेली छोटी पडवी असते आणि बाथरूमच्या वर खेचून घ्यायची कपड्यांची काठी. कपाटांच्या दारांना वरखाली जाळी किंवा भोकं आहेत का बघा. नाक आत घालून वास घ्या. कोंदट वास हे बुरशीचं पहिलं लक्षण आहे.

बाथरूममध्ये पितळी दिसणाऱ्या नळांपेक्षा उंबरा महत्त्वाचा. ओला आणि कोरडा भाग वेगळा, फरशीला दर मीटरमागे १० ते १२ मिमी उतार, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात फरशीखाली वाटा (कोपरा गोलसर करणारा सिमेंटचा लेप) मारलेला. बांधकाम चालू असेल तर पाणी साठवून किमान ४८ तास तपासणी केली का, ते साइटवरच्या सुपरवायझरला विचारा. कागदावर सगळे ‘हो’ म्हणतात. खालच्या मजल्यावर जाऊन छत बघा.

दुसऱ्यांनी काय केलं

डिस्नेने १९९१ साली फ्लोरिडात टाइमशेअर सुरू केलं, त्याचं पहिलं रिसॉर्ट ओल्ड की वेस्ट. थीम त्याच राज्याच्या दक्षिण टोकाच्या बेटावरच्या घरांची: पत्र्याचं उतरतं छप्पर, फळ्यांच्या भिंती, मोठा व्हरांडा. म्हणजे शैली आणि जागा, दोन्हींचं हवामान सारखं. घरं सुरुवातीपासून टाइमशेअर म्हणूनच आखल्यामुळे ऐसपैस आहेत. एक बेडरूमचं घर साधारण ९४० चौरस फुटांचं. उलट, त्याच कंपनीचं अ‍ॅनिमल किंगडम लॉज २००१ साली हॉटेल म्हणून उघडलं. वास्तुकार पीटर डॉमिनिक. घोड्याच्या नालाच्या आकाराची इमारत गवताळ रानाला कवेत घेते आणि खोलीतून जिराफ दिसतात. थीम आराखड्यातच असल्याने भिंतीवरचे मुखवटे काढले तरी ती उरते. पण २००७ पासून तिथल्या काही खोल्यांचं टाइमशेअरमध्ये रूपांतर झालं, आणि हॉटेलच्या मापात घर बसवायचं म्हणजे तडजोड आलीच. आपल्याकडेही जुनं हॉटेल विकत घेऊन टाइमशेअर करतात. तेव्हा ‘इमारत मुळात कशासाठी बांधली होती’ हा प्रश्न जरूर विचारा.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे वास्तुकार चार्ल्स कोरियांचं सिदाद द गोवा हे हॉटेल, १९८२ चं. पोर्तुगीज शहराचा आभास त्यांनी भिंतींवर खिडक्या, माणसं, देखावे चक्क रंगवून केला. तो रंग आहे हे पाहणाऱ्याला कळतं आणि तरी मजा येते. रंग उडाला तर पेंटर बोलावला की झालं. नाटक करायचं तर असं उघड करावं, दगडाचं सोंग घेतलेल्या थर्माकोलपेक्षा हे शतपटीने बरं. आणि थीम म्हणजे काय हे पुण्यातच बघायचं असेल, तर विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था बघा, इमारत कोरियांचीच. खगोलशास्त्राची थीम, पण एकही ग्रह भिंतीला चिकटवलेला नाही. कुंडाच्या पायऱ्या, काळ्या पाषाणावर कडप्पा आणि त्यावर आकाश दाखवणारा चकचकीत ग्रॅनाइट.

प्रत्यक्ष भेट आणि कागद

भेट जुलै-ऑगस्टमध्ये द्या. रिसॉर्ट अजून बांधून व्हायचं असेल तर त्याच कंपनीचं पाच ते सात वर्षं जुनं रिसॉर्ट गाठा आणि तिथे दाखवतील ती खोली सोडून तळमजल्यावरची, पश्चिमेच्या टोकाची खोली मागा. इमारतीच्या मागे जा: एसीचे बाहेरचे डबे, पाण्याच्या टाक्या, कचरा कुठे आहे? थीमच्या आराखड्यात यांची जागा विसरली जाते आणि मग महिरपीत डबा टांगलेला दिसतो. जिन्याच्या पायऱ्या मोजपट्टीने मोजा. वाड्यासारखा चढ-उतार म्हणून उंच पायऱ्या ठेवल्या असतील तर आजी-आजोबांना त्या झेपणार नाहीत. पायरीची उंची १५० मिमीच्या आसपास आणि रुंदी ३०० मिमी असावी. चढणीच्या वाटेवर खाचा पाडलेला दगड हवा, गुळगुळीत कोटा फरशी पावसात घात करते.

गाद्या, पडदे साधारण ५ ते ७ वर्षांनी, फर्निचर आणि फरश्या १० ते १४ वर्षांनी बदलाव्या लागतात. म्हणजे २५ वर्षांत पहिली गोष्ट तीन-चारदा आणि दुसरी एक-दोनदा. यासाठी वेगळा निधी साठवला जातो का आणि मागच्या रिसॉर्टात शेवटचं नूतनीकरण कधी झालं, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. नक्ष्यांचे साचे आणि मापांसह आराखडे कंपनीकडे आहेत का, हाही प्रश्न विचारा. साचा बनवणारा कारागीर गेला की मोडलेल्या महिरपीच्या जागी बाजारातली तयार महिरप येते, आणि दहा वर्षांत एकाच ओसरीत तीन तऱ्हांच्या महिरपी दिसतात.

आपल्याकडचे बहुतेक करार मालकीचे नसून ठरावीक मुदतीच्या वापराच्या हक्काचे असतात, त्यामुळे दुरुस्ती काय आणि कधी करायची यात सभासदाला मत नसतं. म्हणून करारात दोन गोष्टी शोधा: वार्षिक शुल्क कोणत्या सूत्राने वाढेल, आणि ‘चित्रं केवळ कल्पनेसाठी’ या ओळीच्या पुढे प्रत्यक्ष साहित्याची यादी जोडली आहे का. यादीत नुसतं ‘लाकडी खांब’ असं असेल तर लाकडाची जात लिहून घ्या. रिसॉर्टला भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं नसेल तर ते तुमच्या हक्काच्या रिसॉर्टांत मोजू नका. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार १:५ पेक्षा तीव्र डोंगरउतारावर बांधकाम करता येत नाही, म्हणून मंजूर नकाशावर तुमची इमारत नेमकी कुठे आहे ते पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) शिक्का असलेल्या प्रतीवरच बघा, माहितीपुस्तिकेतल्या चित्रावर नको.